एकांकिका, कथक आणि चार भाषांची गल्ली: जाहिरातीच्या नोकरीत याचं मोल किती?

सोलापूरची अवनी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी सोलापूरची. यंदा बी.ए. पूर्ण होईल. शाळेपासून कथक शिकतेय, कॉलेजात आल्यापासून एकांकिका करतेय. आमच्या गल्लीत पद्मशाली घरं जास्त, त्यामुळे खेळताना तेलुगू कानावर पडायचं. आजोळ अक्कलकोटकडचं, आजी रागावली की कन्नडमध्ये बोलते. बाबांच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं दखनी बोलतात आणि घरात आम्ही मराठी.

मला जाहिरातीत कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारी, व्हायचंय. मुंबईत एका एजन्सीत इंटर्नशिपसाठी मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी एकांकिकांची यादी पाहिली आणि म्हणाल्या, "हे छंद झाले. काम काय केलंस?" बाबांचंही मत हेच आहे की एवढा वेळ एखाद्या कोर्सला दिला असता तर बरं झालं असतं.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारायचंय. नाटक, नाच, गाणं आणि अनेक भाषांत वाढणं याचा रोजच्या कामात खरंच उपयोग होतो का? होत असेल तर नेमका कुठे? "आत्मविश्वास वाढतो" हे उत्तर नको, तेवढं मला कळतं.

तिसरी घंटा
मस्त विषय. मीही याच रांगेत आहे, फरक इतकाच की मी नाशिकची. वाचतेय.

कॉपीकाका
अवनी, आधी थोडा इतिहास सांगतो. तुझी मुलाखत घेणाऱ्या बाईंना तो ठाऊक असायला हवा होता.

मुंबईची जाहिरात ज्यांनी घडवली त्यांच्यात नाटकवाले पहिल्या रांगेत होते. अलेक पदमसी लिंटास या जाहिरात संस्थेचे प्रमुख होते आणि त्याच काळात इंग्रजी रंगभूमीवर नाटकं बसवत होते. दिवसा साबण, संध्याकाळी तालीम. घर कच्छी खोजा, नाटक इंग्रजी आणि ऑफिसात अख्खा हिंदुस्थान. त्यांच्या आधी लिंटास सांभाळणारे जर्सन दा कुन्हा मूळचे गोव्याकडचे आणि रंगमंचावरचे कसलेले नट. जाहिरात सोडल्यावर ते युनिसेफसाठी ब्राझीलमध्ये गेले. त्यांचे भाऊ सिल्व्हेस्टर यांनी १९६६ साली युस्टेस फर्नांडिसांबरोबर अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आणली.

आता 'नेमका कुठे' याचं उत्तर. सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी आठवते? आठवत नसेल तर आईला विचार. निरमा स्वस्त होती, सर्फ तिच्या कितीतरी पट महाग. किमतीवर भांडून सर्फ जिंकणं शक्यच नव्हतं. तेव्हा पावडरीचे गुण सांगत बसण्यापेक्षा पदमसींनी एक बाई उभी केली. पैसा न् पैसा मोजणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कुणाच्याही बोलण्याला न भुलणारी. अशी बाई जर महाग पावडर घेत असेल तर त्यामागे काही हिशेब असणार, हे बघणाऱ्याला आपोआप पटतं. हे पात्र आपल्या आईवरून सुचल्याचं ते सांगत. भूमिका केली कविता चौधरींनी, त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातल्या.

तालमीत दिग्दर्शक काय विचारतो? या माणसाला काय हवंय, कशाची भीती वाटते, हा आत्ताच का बोलतोय? चांगल्या कॉपीरायटरचे प्रश्नही हेच असतात. एकांकिका करताना तू हे प्रश्न घोकून आली आहेस. बाकीच्यांना ते नोकरीत लागल्यावर शिकावे लागतात.

माहेरवाशीण
अवांतर: तेच पदमसी ॲटनबरोंच्या 'गांधी'त जीना झाले होते. मी तो सिनेमा पाहिला तेव्हा हा माणूस साबण विकतो हे माहीतच नव्हतं!

धारवाडचा राजू
काकांबद्दल आदर ठेवून थोडा विरोधी सूर लावतो. मी एका एजन्सीत प्लॅनिंग बघतो. ही सगळी उदाहरणं दूरदर्शनच्या काळातली आहेत. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ साली, तेव्हा एकच वाहिनी होती आणि लोक जाहिरातसुद्धा बसून बघत. आज यूट्यूबवर ६ सेकंदांची जाहिरात बनते. त्यात पात्र कुठे उभं करणार? आम्ही रोज आकडे बघतो: कितीजणांनी पुढे ढकललं, कितीजणांनी क्लिक केलं.

दुसरं म्हणजे रंगमंचावरून आलेल्या मुलांना लांबण लावायची सवय असते. लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्यांना टाळीसाठी हवं असतं. मी अशी बरीच मुलं पाहिली आहेत. अवनीला नाउमेद करायचं नाही, पण नुसत्या एकांकिकांवर दार उघडेल असं समजू नये.

पडद्यामागे
राजूभाऊ, ६ सेकंद म्हणजे रंगमंचावर भरपूर वेळ. नट विंगेतून आत येतो, दोन पावलं टाकतो, आणि प्रेक्षकाला कळतं की हा घरचा आहे की सावकाराचा माणूस. एक शब्दही न बोलता. चपला दारात काढतो का, नजर कुठे जाते, हात खिशात आहेत का. कथकवाल्यांना तर हे माझ्याहून जास्त ठाऊक. एका ठुमरीच्या ओळीवर पाच वेगवेगळे भाव दाखवायचा रियाज केलेल्या मुलीला ६ सेकंदांचं भय कशाला?

मी लिहिणारा नाही. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी प्रकाशयोजना आणि बॅकस्टेज करत होतो. भरत नाट्य मंदिरात आपल्या वाट्याला आलेल्या मोजक्या वेळात सेट लावायचा, प्रयोग करायचा आणि पुढच्या संघासाठी मंच रिकामा करायचा. आज जाहिरातींच्या शूटचं प्रॉडक्शन बघतो. कॉल शीट, कुणाला किती वाजता बोलवायचं, पाऊस आला तर काय, नटाचा घसा बसला तर काय, सगळं तिथलंच. मला या धंद्यात पहिलं काम दिलं त्या दिग्दर्शकाने एवढंच विचारलं होतं, "ऐनवेळी दिवा गेला तर काय करशील?"

तिसरी घंटा
पडद्यामागे, मग काय उत्तर दिलंत?

पडद्यामागे
म्हटलं, नटाला उरलेल्या दिव्याखाली सरकायला सांगेन आणि तोवर फ्यूज बघेन. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

ढोलकी
माझे वडील तमाशात ढोलकी वाजवायचे, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

फड गावात उतरला की सोंगाड्या आधी चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. गावात कुणाची बैलजोडी शर्यतीत हरली, सरपंचाचं कुणाशी वाजलं, कुठल्या विहिरीला पाणी लागलं, सगळं कानावर घ्यायचा. रात्री गण-गौळण झाली की बतावणीत हेच सगळं बाहेर यायचं. वग तोच, पण प्रत्येक गावाला वाटायचं की हा खेळ आपल्यासाठीच बांधलाय. अमूलचं होर्डिंग दुसरं काय करतं? गावात (म्हणजे देशात) आज जे घडलं त्यावर दोन ओळी, लोक हसतात आणि लोण्याचं नाव लक्षात राहतं. भरत दाभोळकर त्या होर्डिंगांसाठी लिहायचे आणि मुंबईत हिंग्लिश प्रहसनंही करायचे. मला तरी ती दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

मी स्वतः नगरच्या एका छोट्या जाहिरात संस्थेत आहे. ट्रॅक्टर, बियाणं, पतसंस्था, असली गिऱ्हाइकं. बाजारच्या दिवशी बाजारात जाऊन बसल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. ही सवय मला कुठल्या कोर्सने लावली नाही.

कॉपीकाका
ढोलकी, तुमचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. टपरीवरचं ते ऐकणं हाच सगळा धंदा आहे हो.

गिरगावकर
भाषांचा मुद्दा मागे पडतोय. मी गाण्याकडून सांगतो, कारण माझी सगळी हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत गेली.

विविधभारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या आणि जिंगल नावाचा संसार उभा राहिला. लिरिलची ती धून बांधली वनराज भाटियांनी. मुंबईत वाढलेला माणूस, लंडनच्या रॉयल अकादमीत आणि नंतर पॅरिसला नादिया बुलांजेंकडे पाश्चात्त्य संगीत शिकून आला आणि इथे येऊन साबणासाठी सूर लावले. आपले अशोक पत्की एकीकडे मराठी नाटकं-सिनेमांचं संगीत करत होते आणि दुसरीकडे जिंगल्स. दोन-तीन ओळींत मुखडा आणि ब्रँडचं नाव समेवर आलं पाहिजे, ही शिस्त त्यांच्या भावगीतांतसुद्धा मला ऐकू येते.

'मिले सुर' १९८८ सालचं. कल्पना ओगिल्वीच्या सुरेश मलिकांची, चाल पत्कींची, संगीत संयोजन लुई बँक्सचं, सुरुवात पंडित भीमसेन जोशींची, आणि हिंदी शब्द पीयूष पांडे नावाच्या जयपूरच्या एका तरुणाचे. हा तरुण राजस्थानकडून रणजी खेळला होता, चहाची पारख करण्याची नोकरी करून आला होता. बहीण इला अरुण, राजस्थानी लोकगीतं गाणारी. पुढे पांडेंनी फेविकॉलच्या जाहिराती केल्या. ती माणसांनी खचाखच भरलेली बस आठवा. ज्याने तसा प्रवास जवळून पाहिलाय त्यालाच ते सुचू शकतं. गेल्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये पांडे गेले, तेव्हा आमच्या स्टुडिओत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

तेव्हा अवनी, आजी कन्नडमध्ये रागावते ती बोलणी जपून ठेव. त्या बोलण्यातली लय तुला कुठल्याही पुस्तकात मिळायची नाही.

कोकणकडा
मला इथे एक गोष्ट बोलायचीच आहे. बहुभाषिक, बहुसांस्कृतिक वगैरे ठीक, पण टीव्हीवर येतं काय? मराठी माणूस दाखवायचा तर हवालदार नाहीतर घरकाम करणाऱ्या मावशी. दक्षिणेतला दाखवायचा तर लुंगी आणि मोडकं हिंदी. पंजाबी म्हणजे भांगडा. एवढ्या भाषा बोलणारी माणसं एजन्सीत बसली असतील तर पडद्यावर हे का येतं?

मी हौशी नट आहे, ऑडिशनला जातो. "जरा जास्त मराठी कर" असं मला किती वेळा सांगितलंय. जास्त मराठी म्हणजे काय? मी मराठीच आहे!

माहेरवाशीण
कोकणकडा, अगदी मनातलं. ॲस्कीने (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) २०२२ साली स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाबद्दल नियमावली आणली. भाषा आणि प्रांताबद्दलही तेवढ्याच बारकाईने बघायला हवं.

धारवाडचा राजू
कोकणकडा यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यामागचं कारणही सांगतो. मूळ जाहिरात बहुतेक वेळा मुंबईत किंवा दिल्लीत, इंग्रजीत विचार करून हिंदीत लिहिली जाते. मराठी, कन्नड, तेलुगू यांचा नंबर सगळ्यात शेवटी, शूट झाल्यावर लागतो. तेव्हा हातात उरतं फक्त डबिंग. ज्याला त्या घरातलं राहणीमान माहीत आहे तो माणूस पात्र ठरवताना खोलीत नसतोच. त्याला ओठांच्या हालचालीत बसतील असे शब्द शोधायला बोलावतात आणि पैसेही शब्दांच्या हिशेबाने देतात. मी स्वतः कन्नड-मराठी दोन्ही घरांतला, मला हे सलतं.

म्हणूनच अवनीला माझा सल्ला वेगळा आहे. "मला चार भाषा येतात" असं सांगितलंस तर तुला भाषांतराच्या टेबलावर बसवतील. तिथे बसू नकोस. ब्रीफ (गिऱ्हाइकाला काय हवंय ते) येतं त्या दिवशीच्या बैठकीत बसायला माग.

सांगलीकरीण (सध्या दुबई)
राजू यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझा दुजोरा.

मी सांगलीची, घरात संगीत नाटकाचं वेड. विष्णुदास भावेंच्या गावात वाढल्यावर दुसरं काय होणार! लहानपणी नाट्यपदं बसवली, नंतर संघातून राज्य नाट्य स्पर्धा केल्या. आता बरीच वर्षं दुबईत जाहिरातीत आहे. इथे राहणाऱ्यांत स्थानिकांपेक्षा बाहेरून आलेले कितीतरी जास्त. आमच्या एका टेबलाभोवती लेबनॉनची क्रिएटिव्ह हेड, इजिप्तचा अरबी कॉपीरायटर, मनिलाची आर्ट डायरेक्टर, केरळचा अकाउंट मॅनेजर आणि मी.

इथला सगळ्यात मोठा मोसम रमझानचा. एकदा इफ्तारच्या दृश्यावर काम चालू होतं. टेबलावर काय मांडायचं यावरच आमचा अर्धा दिवस गेला. इजिप्तच्या सहकाऱ्याला कताएफ हवे, कारण त्याच्या घरी त्याशिवाय रमझान नाही. क्लायंट अमिराती, त्यांच्या घरात हरीस आणि लुकैमात. आधी खजूर कुणी उचलायचा, आजोबांनी की पाहुण्याने? वाढणारा हात कुणाचा? मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण नाटकात वर्षानुवर्षं रंगमंचावरच्या जागा ठरवल्यामुळे एक कळत होतं, की या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय दृश्य उभं राहणार नाही. मी एकेकाला त्याच्या घरी काय होतं ते उठून करून दाखवायला सांगितलं. खुर्च्या मांडल्या, कागदाचे ग्लास ठेवले, अकाउंट मॅनेजरला आजोबा केलं. थोड्याच वेळात सगळं सुटलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक स्टोरीबोर्ड आधी उभं राहून करून बघतात.

आणखी एक. मला अरबी येत नाही. तरी अरबीतल्या बैठकीत कोण कुणाकडे बघून बोलतंय, कुणाचा होकार खरा, कुणी मान हलवली पण खुर्ची मागे सरकवली, हे मला दिसतं. सहनटाचं बोलणं ऐकत रंगमंचावर उभं राहायची सवय लागली की हे दिसायला लागतं. ही गोष्ट मुलाखतीत सांग.

मांडवी
पणजीहून लिहितेय. आमच्या तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, आठवण कुणी काढली नाही म्हणून मीच काढते. पहिलं तियात्र झालं १८९२ साली, तेही मुंबईत, तिथे पोटापाण्यासाठी गेलेल्या गोंयकारांसमोर. प्रवेश संपला की पडद्यापुढे येऊन नट कांतारं (गाणी) म्हणतात, ज्यांचा नाटकाच्या गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. दारू, निवडणूक, जमिनी, आखातात गेलेला नवरा, काहीही विषय. मागे सेट बदलेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं असतं. रेडिओच्या जाहिरातीला यापेक्षा चांगली तालीम कुठली? मी कोंकणी आणि मराठी दोन्हींत रेडिओसाठी लिहिते आणि अडले की तियात्राला जाऊन बसते.

अक्षरवेडा
नाटक-गाण्याच्या रांगेत अरुण कोलटकरांचं नाव यायलाच हवं. कोल्हापूरचे, जे.जे.चे. कवी म्हणून सगळे ओळखतात, पण पोट त्यांनी जाहिरातीवर भरलं. मुंबईतल्या एजन्सींत आर्ट डायरेक्टर, कॅग या जाहिरात कलावंतांच्या संघटनेचं पारितोषिक सहा वेळा, आणि कॅगच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश. कविता मराठीत आणि इंग्रजीतही. अर्जुन शेजवळांकडे ते पखवाज शिकले. त्यांच्या पानावरच्या मोकळ्या जागा पाहिल्या की वाटतं, ठोका कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा हे त्या हाताला ठाऊक होतं. हे माझं मत, कुणाला पटेल, कुणाला नाही.

उल्का एजन्सीत काम केलेले र. कृ. जोशीही असेच. तुमच्या संगणकावरचा 'मंगल' फॉन्ट त्यांचा.

तिसरी घंटा
अरे वा, मंगल त्यांचा हे माहीत नव्हतं! धागा वाचनखुणांत टाकलाय.

कॉपीकाका
छान चाललंय, पण अवनीचा मूळ प्रश्न नोकरीचा आहे, तिकडे परत येऊ.

एकांकिकांची यादी बायोडेटात देऊ नकोस. यादी वाचून कुणालाच काही दिसत नाही. त्याऐवजी रेडिओचे तीन स्पॉट लिहून ने, प्रत्येकी ३० सेकंदांचे. मराठीत सावकाश बोललं तर तेवढ्यात साधारण साठ-सत्तर शब्द बसतात, आवाजांना जागा सोडायची तर त्याहून कमी. तुझ्या गल्लीतली माणसं घे. राजू म्हणतो ती लांबण लावायची सवय यात आपसूक मोडते. आणि मुलाखतीत वाचून दाखवू नकोस, आवाज बदलून सादर कर. कागद त्यांच्या हातात नंतर दे. शिकायचंच असेल तर अहमदाबादची मायका आहे, मुंबईत झेवियर्सचा संज्ञापनाचा अभ्यासक्रम आहे, पण फी बघून ठरव. स्पॉट लिहायला फी लागत नाही.

धारवाडचा राजू
काकांशी सहमत. आणि प्रत्येक स्पॉटखाली दोन ओळी लिही: हा कुणासाठी आहे आणि ऐकल्यावर त्याने काय करावं. माझ्यासारखी माणसं आधी तेच वाचतात.

सोलापूरची अवनी
सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून सगळे प्रतिसाद परत परत वाचतेय. बाबांनाही ढोलकी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले, "हे आमच्या दुकानालाही लागू आहे." त्यांच्याकडून एवढं खूप झालं.

रात्री एक स्पॉट लिहिला. दुकानाचं नाव काल्पनिक आहे. आजी अक्कलकोटकडची, दुकानदार तेलुगू. कोकणकडा यांचं वाचल्यावर ठरवलं की दुकानदाराचं मराठी हसण्यासाठी मोडायचं नाही. तो इथलाच आहे, व्यवस्थित बोलतो.

(दुकान. पंख्याची घरघर. चादर झटकल्याचा आवाज.)
आजी: किती वर्षं टिकंल ही?
दुकानदार: आजी, नातवाच्या लग्नापर्यंत.
आजी: नातू लग्नालाच आलाय की!
दुकानदार: मग पणतूच्या बारशापर्यंत.
आजी: (जरा थांबून) अन् मी?
दुकानदार: तुम्हीच घालायची की पणतूच्या अंगावर.
आजी: ...दोन बांध.
निवेदक: लक्ष्मी चादर भांडार, सोलापूर. पिढ्यान् पिढ्यांची ऊब.

हा कुणासाठी: लग्नसराईत आहेर घेणाऱ्या घरांसाठी. ऐकून काय करावं: आहेरात साडीबरोबर चादरही घ्यावी.

माहेरवाशीण
"अन् मी?" ला पोटात कालवलं गं.

कॉपीकाका
निवेदकाची दुसरी ओळ काढ. आजीने ते काम केलंय. दुकानाचं नाव आणि गाव पुरे. "दोन बांध"च्या आधीचा थांबा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी कमी करू नकोस.

गिरगावकर
संगीत अजिबात घालू नकोस, मी गाण्यातला असूनही सांगतो.

पडद्यामागे
पंख्याची घरघर रेडिओवर खरखरीसारखी वाटते, लोक स्टेशन बदलतील. चादर झटकल्याचा आवाज ठेव, पण तो खऱ्या सोलापुरी चादरीचाच घे, पातळ कापडाचा तसा येत नाही. बाबांच्या दुकानात सकाळी लवकर, रस्ता सुरू व्हायच्या आत, फोनवर रेकॉर्ड कर आणि इथे टाक. ऐकून सांगतो.